गाडी उभी राहिली की बंद का पडते?

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या शेजारी एक जुनी मोटार आहे. घरातले सगळे तिला 'फियाट' म्हणतात. कागदोपत्री तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी'. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११००'चा जो नमुना तयार होऊ लागला, त्याचेच १९७० च्या दशकात 'पद्मिनी' असे नामकरण झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून ही गाडी तुम्ही चित्रपटांत पाहिली असेल. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. शेजारच्या आजोबांची गाडी मात्र अजून धावते.

धावते, पण थांबत नाही, अशी तिची तऱ्हा झाली होती! म्हणजे असे, की रस्त्याने ती ठणठणीत चाले. चौकात पुढे रिक्षा आडवी आली, आजोबांनी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की इंजिन थरथरे, दोनचार आचके देई आणि बंद पडे. मागून हॉर्नचा गजर सुरू! एके दिवशी आजोबा मला म्हणाले, "सर, रस्त्यानं गाडी चांगली पळते. उभी केली का बंद. काहून होत असंल असं?" त्यांची नववीत शिकणारी नात तिथेच उभी होती. ती म्हणाली, "खरं तर पळताना जास्त काम असते, तेव्हा दमायला पाहिजे. ही उभी राहून कशी काय दमते?"

प्रश्न फार चांगला आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला हवेचा दाब, बर्नुलीचे तत्त्व, गतिज ऊर्जा आणि थोडे अंकगणित एवढेच लागणार आहे. हे सारे तुमच्या पाठ्यपुस्तकांच्या आसपासचेच आहे.

इंजिनाला थांबता का येत नाही?

बैलगाडी चौकात थांबली की बैलही थांबतात. वाफेच्या इंजिनात बॉयलरमध्ये दाब असेल तर चाके थांबलेली असतानाही तो दट्ट्याला ढकलू शकतो. पेट्रोलच्या इंजिनाला ही सोय नाही. त्याच्या सिलिंडरात आधी हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढून घ्यावे लागते, मग ते दाबावे लागते, मग ठिणगी पडते, मिश्रण जळते व दट्ट्या ढकलला जातो. शेवटी जळका वायू बाहेर टाकावा लागतो. या चार धावांपैकी कामाची धाव एकच. उरलेल्या तीन धावांसाठी लागणारी ऊर्जा आणायची कोठून? ती साठवलेली असते इंजिनाच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये.

म्हणून गाडी उभी असली तरी इंजिन फिरतेच ठेवावे लागते. चाकांशी संबंध तोडून, ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता इंजिन नुसते स्वतःपुरते फिरत राहणे, याला आयडलिंग म्हणतात. आपले मिस्त्री लोक त्याला 'स्लो' म्हणतात. जुन्या मोटारीत आयडलिंगचा वेग मिनिटाला सुमारे ८०० फेरे इतका ठेवतात.

आता हिशेब करू. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते. सिलिंडर चार. म्हणजे एका फेऱ्यात दोन ठिणग्या, मिनिटाला १,६०० आणि सेकंदाला सुमारे २७. दोन ठिणग्यांमधले अंतर झाले सेकंदाचा सत्ताविसावा भाग. तेवढा वेळ फ्लायव्हीलने आपल्या साठवलेल्या ऊर्जेवर इंजिन ओढायचे.

फिरत्या चाकाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे लक्षात घ्या. इंजिन ४,००० फेऱ्यांनी फिरत असेल तेव्हा फ्लायव्हीलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तिचा फक्त पंचविसावा भाग ८०० फेऱ्यांना शिल्लक राहतो. वेगात असताना एखादी ठिणगी वाया गेली तर कोणाला कळतही नाही. आयडलिंगला मात्र दोनतीन ठिणग्या लागोपाठ वाया गेल्या की पुंजी संपते आणि इंजिन बसते. आजोबांच्या नातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. पण मुळात ठिणग्या वाया का जाव्यात? त्यासाठी हवेचा जमाखर्च पाहिला पाहिजे.

हवेचा जमाखर्च

या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ६८ मि.मी. आणि दट्ट्याच्या धावेची लांबी ७५ मि.मी. आहे. चार सिलिंडरांचे एकूण घनफळ तुम्हीच काढा. उत्तर सुमारे १,०८९ घ. सें.मी. येईल. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकेकदा भरतात, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ५४५ घ. सें.मी. आणि ८०० फेऱ्यांत सुमारे ४३६ लिटर.

पण आयडलिंगला ही जागा पूर्ण दाबाच्या हवेने भरत नाही. हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाची एक चकतीसारखी झडप असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की जवळजवळ मिटते. मिटलेल्या झडपेच्या कडेने बारीकशी फट राहते, तेवढ्यातूनच हवा आत जाते. आत दट्ट्ये तर सारखे ओढत असतात. त्यामुळे झडपेच्या पलीकडे, म्हणजे मॅनिफोल्ड या नळीत, दाब बाहेरच्यापेक्षा ४५ ते ५० सें.मी. पाऱ्याइतका कमी होतो. राहतो तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणून ४३६ लिटरच्या जागेत प्रत्यक्षात बाहेरची सुमारे १४५ लिटर हवाच जाते. तिचे वजन सुमारे १७० ग्रॅम.

निव्वळ पेट्रोल पूर्णपणे जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. आयडलिंगला मिश्रण थोडे दाट, म्हणजे पेट्रोल किंचित जास्त असलेले, असावे लागते. याचे कारण असे, की मॅनिफोल्डमधला दाब कमी असल्याने आधीच्या धावेचा जळका वायू सिलिंडरात बराच मागे राहतो आणि ज्वालेच्या वाटेत अडथळा करतो. समजा, १३.५ पट हवा धरली. १७० ग्रॅम हवेला सुमारे १२.६ ग्रॅम, म्हणजे १७ घ. सें.मी. पेट्रोल झाले. चहाचे साडेतीन चमचे! तेही पूर्ण मिनिटासाठी आणि १,६०० ठिणग्यांमध्ये वाटून. एका ठिणगीच्या वाट्याला येते ०.०१ घ. सें.मी., म्हणजे एका थेंबाचा जेमतेम पाचवा भाग. एवढ्याशा शिदोरीवर इंजिन जगत असते. तीत थोडेही कमीजास्त झाले की त्याला ते जाणवते.

मोठी वाट झोपते, छोटी जागी होते

हे मिश्रण तयार करतो कार्ब्युरेटर. त्याच्या गळ्यात एक अरुंद भाग असतो, त्याला व्हेंच्युरी म्हणतात. अरुंद जागेतून हवा वेगाने जाते आणि जेथे वेग वाढतो तेथे दाब कमी होतो. डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातले हे तत्त्व आहे. तेथे बसवलेल्या मुख्य जेटमधून हा कमी झालेला दाब पेट्रोल ओढून घेतो.

येथे एक अडचण आहे. दाबातील ही घट हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पूर्ण वेगात हेच इंजिन मिनिटाला सुमारे २,००० ग्रॅम हवा घेते, आयडलिंगला १७०. प्रवाह बारा पटींनी घटला, म्हणजे दाबातील घट १४४ पटींनी कमी झाली. एवढ्याशा ओढीने मुख्य जेटमधून पेट्रोलचा थेंबही वर येत नाही. मोठी वाट झोपी जाते.

म्हणून दुसरी वाट ठेवलेली असते. व्हेंच्युरीत ओढ नसली तरी मिटलेल्या थ्रॉटलच्या पलीकडे ती भरपूर आहे, हे आपण पाहिले. नेमके तेथेच एक लहानसे भोक ठेवतात आणि त्याला स्लो जेटमधून पेट्रोल पुरवतात. या जेटचे छिद्र सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे असते. भोकातून किती पेट्रोल जावे हे ठरवणारा टोकदार स्क्रू म्हणजे मिश्रणाचा स्क्रू. थ्रॉटल किती मिटावा हे ठरवणारा दुसरा, तो वेगाचा स्क्रू.

इंजिन स्वतःला सावरते कसे?

या व्यवस्थेत आणखी एक गंमत आहे. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहून जरा वर, सुमारे ५३ टक्क्यांवर, आला की फटीतून जाणाऱ्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो. त्यानंतर आतला दाब आणखी कितीही कमी करा, मिनिटाला आत येणारी हवा वाढत नाही. आयडलिंगला दाब एक तृतीयांश असतो, म्हणजे हीच स्थिती. उभ्या गाडीचा थ्रॉटल ध्वनीच्या वेगाने हवा आत घेत असतो!

आता समजा, काही कारणाने इंजिन ८०० वरून ७०० फेऱ्यांवर आले. मिनिटाला येणारी हवा तेवढीच, पण वाटेकरी कमी झाले. पंगतीला पाने कमी मांडली तर प्रत्येक पानावर जास्त वाढता येते, तसे प्रत्येक सिलिंडरात जास्त मिश्रण शिरते, धक्का जोराचा बसतो आणि वेग पुन्हा वाढतो. वेग जास्त झाला तर उलटे घडते. कोणी न सांगता इंजिन आपला तोल सावरते. मात्र यासाठी एक अट आहे, प्रत्येक घास जळण्याजोगा हवा. मिश्रण फार पातळ झाले तर नुसते ढीगभर वाढून उपयोग नाही. ठिणगी पडूनही ते नीट पेटत नाही.

चिमूटभर मीठ

आता मूळ दुखण्याकडे येऊ. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर बसवताना मध्ये एक पॅकिंग असते. वर्षानुवर्षे उष्णता सोसून ते कडक होते, आक्रसते. समजा, त्यात ३ सें.मी. लांब आणि केवळ एक दशांश मि.मी. रुंद अशी फट पडली. डोळ्यांना ती दिसणारही नाही. तिचे क्षेत्रफळ झाले ३ चौरस मि.मी. आत दाब एक तृतीयांश असताना एवढ्या फटीतून मिनिटाला सुमारे ३० ग्रॅम हवा आत घुसते. ही चोरटी हवा. ती कार्ब्युरेटरातून आलेली नाही, म्हणून तिच्याबरोबर पेट्रोलही नाही.

हिशेब मांडा. आयडलिंगला १७० ग्रॅम हवेत ३० ग्रॅमची भर पडली की हवा झाली २०० ग्रॅम. पेट्रोल तेवढेच, १२.६ ग्रॅम. प्रमाण १३.५ वरून एकदम १६ च्या घरात गेले. त्यात जळक्या वायूची भेसळ आहेच. ठिणग्या वाया जाऊ लागल्या. वेगात असताना मात्र हवा २,००० ग्रॅम. त्यात ३० ग्रॅम म्हणजे दीड टक्का. खरे तर तेवढेही नाही, कारण थ्रॉटल उघडल्यावर आतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ येतो आणि फटीतून ओढच राहत नाही.

वाटीभर वरणात मिठाची एक चिमूट जास्त पडली तर तोंड वाकडे होते. लग्नाच्या पंगतीच्या गंजभर वरणात तीच चिमूट पडली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. चूक तेवढीच आहे, फरक आहे तो एकूण किती आहे याचा. नातीच्या प्रश्नाचे हे उरलेले अर्धे उत्तर. गाडी उभी राहून 'दमत' नाही. धावताना झाकले जाणारे दुखणे उभे राहिल्यावर उघडे पडते, एवढेच.

स्क्रूचा मोह

आजोबांच्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्यात शिकण्याजोगे बरेच आहे. पहिल्यांदा गाडी ज्यांच्याकडे नेली, त्यांनी दोन्ही स्क्रू पिळले. वेग वाढवला, मिश्रण दाट केले. गाडी बंद पडायची थांबली. सगळे खूश! पंधरा दिवसांनी पीयूसी काढायला गेले तर यंत्राने नापास केले. अशा जुन्या चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि ही तपासणी नेमकी आयडलिंगलाच होते. धूर तर डोळ्यांनाही झोंबत होता.

असे का झाले? चोरटी हवा चारही सिलिंडरांना सारखी वाटली जात नाही. एखाद्याच्या वाट्याला ती जास्त येते. त्या एकाला पुरेल इतके पेट्रोल वाढवले की उरलेल्यांना ते फार होते. ते पुरते जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. घरात बोलणी सुरू झाली, की पंधरा वर्षे कधीच उलटलेली गाडी, नोंदणीचे नूतनीकरण पुढ्यात आहे, आता भंगारात काढलेली बरी. आजोबा काही बोलले नाहीत. पण ते रोज सकाळी बोनेट पुसतात ते त्या दिवशी जरा जास्त वेळ पुसत होते.

मग आमच्या भागातल्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावले. ते आले, त्यांनी इंजिन गरम होऊ दिले आणि स्क्रूला हात लावण्याआधी नुसते ऐकत उभे राहिले. म्हणाले, "स्क्रू पिळून दुखनं दबते सर, जात नाही." मग त्यांनी जे केले ते प्रयोगशाळेत शोभावे असे होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, मगच पुढे जायचे.

आधी दोन्ही स्क्रू पूर्ववत केले. दुखणे परत आले, म्हणजे ते गेलेच नव्हते, हे सिद्ध झाले. मग प्लग काढून पाहिले. प्लगचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काजळीने काळे असेल तर दाट, पांढरट असेल तर पातळ, असा साधारण ठोकताळा आहे. हे काळे होते. पण ते पंधरा दिवसांच्या दाट मिश्रणाचे फळ. ते साफ करून पुन्हा बसवले. फरक थोडाच पडला.

मग 'पॉइंट' पाहिले. फॅराडेने १८३१ साली शोधलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन येथे कामाला लागते. कॉइलमधला प्रवाह एकदम तोडला की दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि प्लगमध्ये ठिणगी उडते. प्रवाह तोडणारी ही जोडी म्हणजे पॉइंट. आयडलिंगलासुद्धा ती मिनिटाला १,६०० वेळा उघडते. तिचे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यावर खड्डे पडले की ठिणगी दुबळी होते. येथे पॉइंट चांगले निघाले.

पुढे स्लो जेट काढून हवेच्या झोताने साफ केला. मी विचारले, "तार घालून साफ केला तर?" ते हसले. "तारेनं भोक मोठं होते." किती मोठे? अर्धा मि.मी. व्यासाचे भोक ०.५५ मि.मी. झाले तर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे २१ टक्क्यांनी! डोळ्यांना न दिसणारा बदल, पण पेट्रोलचा हिशेब कायमचा बिघडला.

जेट साफ झाला, दुखणे थोडे कमी झाले, पण गेले नाही. शेवटी त्यांनी तेलाच्या बुधलीतून इंजिन ऑइलचे दोनचार थेंब कार्ब्युरेटरच्या बुडाशी, पॅकिंगच्या कडेने हळूच सोडले. मागच्या बाजूला थेंब पडताच इंजिनाचा आवाज बदलला. थरथर थांबली, सूर लागला. काही सेकंदांनी तेल आत ओढले गेले आणि थरथर परत सुरू झाली. आजोबांची नात ओरडलीच, "इथेच आहे!" तेलाने फट क्षणभर बुजवली होती. चोर सापडला होता.

नवे पॅकिंग बसवले, पृष्ठभाग सपाट असल्याची खात्री केली, मग प्रथमच स्क्रूला हात घातला. इंजिन गरम असताना मिश्रणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवत गेले, तसा वेग आधी वाढला, एका जागी सर्वांत जास्त झाला, मग घटू लागला. तुम्ही आलेख काढलात तर डोंगरासारखी वक्ररेषा येईल. त्यांनी स्क्रू शिखरावरून किंचित पातळ बाजूला ठेवला आणि वेगाच्या स्क्रूने इंजिन ८०० वर आणले. पीयूसी पुढच्या खेपेला मिळाली. भंगाराचा विषय त्या घरात सध्या तरी निघत नाही.

मोटारीचा यात काही दोष नव्हता. रबर, कागद आणि धातू यांचे वय झाले होते.

उन्हाळा आणि नवे पेट्रोल

उभ्या गाडीचे प्रत्येक दुखणे असेच असते असे समजू नका. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. गाडी थांबली की बोनेटखाली वारा फिरत नाही आणि तापमान त्याहून खूप चढते. पेट्रोल हा अनेक द्रवांचा मेळ आहे. त्यातले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. कार्ब्युरेटरच्या टाकीत पेट्रोल उकळले की ते नको तेथून सांडते आणि मिश्रण फार दाट होते. म्हणजे लक्षण तेच, कारण अगदी उलट! येथे मिश्रण आणखी दाट करणारा स्क्रू पिळला तर आगीत तेलच.

दुसरी गोष्ट नव्या इंधनाची. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत वाढत २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत आले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला वजनाच्या फक्त ९ पट हवा लागते. २० टक्के मिश्रणाला हे प्रमाण सुमारे १३.५ पडते, निव्वळ पेट्रोलचे १४.७ होते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट निव्वळ पेट्रोलसाठी बेतलेले. त्यामुळे तेच जेट आता सुमारे ८ टक्क्यांनी पातळ मिश्रण देतात. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, कमकुवत होतात आणि टाकीतला जुना मळ सुटून जेटकडे येतो. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या तपासून इथेनॉल सोसणाऱ्या घालणे शहाणपणाचे.

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नसतो. २००० सालच्या सुमारास आपल्याकडे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर रूढ झाले. धुरातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक आणि छोटा संगणक मिळून मिश्रण सारखे दुरुस्त करत राहतात. जे काम मिस्त्री कान देऊन करतो, तेच संगणक क्षणोक्षणी करतो. तत्त्व बदललेले नाही.

सावधान!

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर बोनेट उघडून पाहायचा मोह होईल. पाहा, पण मोठ्या जाणकार माणसाबरोबर. फिरत्या पंख्याजवळ हात, ओढणी, सैल बाही नेऊ नका. प्लगच्या तारेत हजारो व्होल्ट असतात. फट शोधण्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडणे म्हणजे आगीला आमंत्रण. आणि बंद खोलीत किंवा शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला कळण्याआधीच तो घात करतो.

घरी करून पाहा

पहिला प्रयोग. पेल्यात पाणी घ्या. त्यात एक नळी उभी धरा, तिचे टोक पाण्यावर थोडे असू द्या. दुसरी नळी आडवी धरून तिच्यातून उभ्या नळीच्या टोकावर हवा फुंका. हळू फुंकले तर पाणी जेमतेम वर सरकेल. जोरात फुंकले तर तुषार उडतील. मध्येच कोठेतरी तुषार एकदम सुरू होतात, ते का? मुख्य जेट आयडलिंगला का झोपतो, हे तुम्हाला येथे दिसेल.

दुसरा प्रयोग. नळीने सरबत पिताना नळीच्या वरच्या भागाला टाचणीने एक भोक पाडा. हळू ओढा, मग जोरात ओढा. तोंडात सरबत किती, हवा किती? मग भोकावर बोट ठेवा. मिस्त्रींनी तेलाच्या थेंबांनी काय केले, ते तुमच्या जिभेला कळेल.

आणि शेवटी एक प्रश्न. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर, चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. अकोल्यात नीट लावलेली जुनी गाडी सहलीला चिखलदऱ्याला नेली, तर तिचे मिश्रण दाट होईल की पातळ? विरळ हवेत तेवढ्याच घनफळात हवेचे वजन कमी असते, एवढी सूचना पुरे. उत्तर काढा, आपल्या शिक्षकांशी वाद घाला, आणि जमल्यास एखाद्या जाणत्या मिस्त्रींनाही विचारा. त्यांचे उत्तर कदाचित एकाच वाक्यात असेल. त्यामागचे कारण तुम्ही शोधा.